घरातच घेतोय ना!

"घे रे घोटभर. बापासमोर घेतोयस, चोरून नाही!"

काल रात्री, दाजींच्या गच्चीवर. १६ वर्षांच्या भाच्याच्या हातात स्टीलचा पेला, त्यात बिअर. बाकी सगळ्यांकडे काचेचे ग्लास. याला मात्र स्टीलचा, समोरच्या बिल्डिंगमधून दिसू नये म्हणून. पोरानं घोट घेतला, तोंड कडू केलं. नुकत्या फुटलेल्या मिशीवर फेस. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मग म्हटलं, "दाजी, आपल्याकडे बिअरलासुद्धा २१ वर्षं पूर्ण लागतात."

"ते बारवाल्यांना. घरात कोण बघतंय?"

तिथं मी गप्प बसलो. बहिणीचं घर, जेवणं व्हायची होती.

पण घरी आल्यावर झोप लागेना. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७७ आहे. डॉक्टरांनी सांगितलं नसताना १८ वर्षांखालच्या मुलाला दारू दिली, तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. कोणी दिली तर? 'जो कोणी' देईल तो. बाप, मामा, काका, कुणालाच सूट नाही. २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला बारमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव घेतला, तेव्हा त्या मुलाच्या वडिलांवरच्या गुन्ह्यात हेही कलम होतं. त्या वेळी याच गच्चीवर आम्ही "काय हे आईबाप!" म्हणत तासभर तावातावानं बोललो होतो.

कायद्याचं जाऊ दे एक वेळ. मला तो पेला टोचतोय.

दाजींना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, तर त्यालाही काचेचा ग्लास का नाही दिला?