ड्रायव्हर वाळेपर्यंत

नाशिकहून ठाण्याला मी आजवर कितीतरी वेळा गेले आहे. बारशाला, साखरपुड्याला, दवाखान्यात कुणाला बघायला. पुस्तकाच्या ओढीनं मात्र परवाच्या शनिवारी पहिल्यांदा गेले.

आमच्याकडे वडिलांनी जमवलेली कपाटभर पुस्तकं आहेत. त्यातल्या कादंबऱ्या मी इतक्यांदा वाचल्यात, की कुठल्या पानावर चहाचा डाग आहे तेही मला पाठ आहे. त्यांच्यानंतरचं काही वाचावं असं कधी वाटलं नाही. आता पूर्वीसारखं कोण लिहितं, असं मी चारचौघांत बोलायचेसुद्धा. मग दिवाळीत ठाण्याच्या भाचीनं एक नवी कादंबरी हातात ठेवली. म्हणाली, "मावशी, वीस पानं वाच. नाही आवडली तर परत दे."

तीन रात्रींत संपवली. तिच्यात माझ्याच वयाची एक बाई आहे. मुलगा परगावी. ती त्याला मोबाईलवर लांबलचक लिहिते, पुसते, परत लिहिते, परत पुसते आणि शेवटी 'जेवलास का' एवढंच पाठवते. तिथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आदल्या रात्री मी हेच केलं होतं. इतकी वर्षं मी पुस्तकांतून दुसऱ्यांच्या वाड्यांत, दुसऱ्यांच्या काळात फिरून यायचे. त्या पानावर कुणीतरी माझ्या ओट्याशी येऊन उभं राहिलं. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असं पुस्तक ज्याचं त्याला भेटावं लागतं.

खोपटच्या स्टँडवर उतरले तर भाची स्कूटर घेऊन हजर. "आधी घरी जाऊ, दोन घास खा," म्हणाली. मी म्हटलं, आधी ग्रंथसंग्रहालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं. विनायक लक्ष्मण भावे यांनी आपल्या सोबत्यांना घेऊन ते काढलं, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. एकवीस वर्षांचा मुलगा मराठी पुस्तकं एका जागी जमवायची म्हणून उभा राहतो, याचं मला आत पाऊल टाकताना भरून आलं. बाहेर स्टेशनाकडची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांची हाकाटी. आत पंख्याची घरघर आणि वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज.

भाचीच्या कार्डावर दोन पुस्तकं घ्यायची ठरलं. एक नवा कथासंग्रह चाळताना समासात पेन्सिलीनं लिहिलेला एकच शब्द दिसला: 'अगदी!' वाचनालयाच्या पुस्तकावर कुणी खरडलेलं मला मुळीच खपत नाही. पण तो शब्द ज्या ओळीशेजारी होता ती मी वाचली, आणि हातात पेन्सिल असती तर खाली मीही एक रेघ ओढली असती.

तिथंच बाकावर बसल्या बसल्या एक गोष्ट मनात आली आणि दिवसभर ती सुटली नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. म्हणजे हे ग्रंथसंग्रहालय निघालं तेव्हा मराठी कादंबरीचं वय चाळिशीच्याही आत होतं. भाव्यांनी पहिल्यांदा फळीवर लावली असतील त्यातली पुष्कळशी पुस्तकं तेव्हा ताजीच असणार. वडिलांच्या कपाटातली पुस्तकंही कधीतरी नवीकोरी होती. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडून म्हणालंच असेल, पूर्वीसारखं आता कोण लिहितं! इतकी वर्षं ते वाक्य मी म्हणत आले, याचं मला खरोखर वाईट वाटलं. किती लिहिणाऱ्यांना मी न वाचताच परत पाठवलं असेल.

दुपारी मामलेदारची मिसळ खाल्ली. मिसळीच्या बाबतीत आम्ही नाशिककर सहसा कुणाचं ऐकून घेत नाही, पण ती तर्री खाऊन मान डोलवावीच लागते. मग तलावपाळीला एक चक्कर. तिथं मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन हे नाट्यगृह आहे, १९७८ पासूनचं. नाटकाला थांबायला वेळ नव्हता. पुढच्या खेपेला दोन दिवस काढून यायचं असं तिथंच ठरवलं.

चारच्या सुमाराला उपवन तलावावर गेलो. मागं येऊरचा डोंगर, आणि काठावर हातानं केलेल्या वस्तू घेऊन दहाबारा जण बसलेले. मातीचे दिवे, बांबूच्या टोपल्या, विणलेल्या पिशव्या. शेवटाला एक बाई गेरूच्या रंगाचं कापड मांडीवर पसरून वारली चित्र काढत होत्या. मी समोर बसले ती तासभर उठलेच नाही.

वाटीत तांदळाच्या पिठाची पेज, त्यात थोडा डिंक. हातात बांबूची काडी, टोक ठेचून तिचाच कुंचला केलेला. एक त्रिकोण, त्याच्या टोकावर उलटा दुसरा त्रिकोण, वर वाटोळं डोकं, हातापायाच्या चार रेघा, आणि माणूस उभा! रेघ चुकली तर पुसायची सोय नाही. त्या हात उचलायच्या, श्वास घ्यायच्या आणि मग एका दमात ओढायच्या. मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा. हे मी कॅलेंडरवर, कपबश्यांवर शंभरदा पाहिलं होतं. पण वेढ्याच्या एका बाजूनं रस्ता निघाला होता, आणि रस्त्यावर चक्क बस होती. खिडक्याखिडक्यांतून त्रिकोणी माणसं.

"ही कुठली बस?" मी विचारलं.

"टीएमटी. आमच्या पाड्यावर येते ती."

"चित्रात पूर्वी काढायचे का बस?"

त्यांनी वर पाहिलं. "पूर्वी बस कुठं होती, ताई? आता हाय, तर काढली."

भाची माझ्याकडे बघून हसली. सकाळपासून मी वाचनालयात जे मनाशी घोळवत होते, ते या बाईंनी काडी न थांबवता सांगून टाकलं होतं.

मग गप्पा निघाल्या. लग्नाच्या घरी सवाशिणींनी भिंतीवर चौक लिहायचा, आत पालघट देवी, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागायचं नाही. त्या चौक 'काढला' म्हणत नव्हत्या, 'लिहिला' म्हणत होत्या. माझ्या कानांना तो शब्द फार गोड लागला. चौक बाईनंच लिहायचा ही रीत. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात लग्नकार्याची वाट न बघता रोजच चित्रं काढायला घेतली आणि ही कला भिंतीवरून कागदावर, कापडावर आली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मी त्यांचं नाव काढलं तशी बाईंनी काडी खाली ठेवून हात जोडले.

"आणि भिंतीवरचा चौक? त्याचं पुढं काय होतं?"

"भिंत सारवली की गेला. पुढच्या लगनाला नवा."

ते कापड मला हवंच होतं. किंमत विचारली, पैसे काढले, घासाघीस करायची इच्छाच झाली नाही. पण बाई कापड देईनात.

"थांबा. ड्रायव्हर राहिला."

खरंच, बसची पुढची खिडकी मोकळी होती. काडी पेजेत बुडाली. दोन त्रिकोण, डोकं, पुढं आलेला हात आणि स्टिअरिंगचं एवढंसं वर्तुळ. बाईंनी फुंकर घातली आणि कापड माझ्या दोन्ही हातांवर आडवं ठेवलं. "घडी नका घालू लगेच. वाळू द्या."

खोपटला जायला उशीर होत होता. भाची स्कूटर सुरू करून हाका मारत होती. मी तळ्याच्या काठावर कापड हातांवर घेऊन उभी राहिले, ड्रायव्हर वाळेपर्यंत.