सातबाऱ्यावरून ‘१९८४’कडे

पहिली अडचण आली ती पान क्रमांकांची. जॉर्ज ऑर्वेल १९५० मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क भारतात २०१० अखेर संपला आणि तेव्हापासून त्याची ‘१९८४’ ही कादंबरी कोणीही छापतं. डोंबिवलीच्या आमच्या वाचनकट्ट्यावर प्रत्येकाच्या हातात वेगळी प्रत होती. कोणाची फुटपाथवरची, मुंगीएवढ्या टायपातली. कोणाची मुलीच्या कॉलेजातली, समासात पेन्सिलीने गच्च भरलेली. कोणी मोबाइलवरच वाचत होतं. ‘पान चाळीस काढा’ म्हटलं की चौघांची तोंडं चार दिशांना. शेवटी भाग आणि प्रकरण सांगायचं ठरलं. कादंबरीचे तीन भाग, त्यांत ८, १० आणि ६ प्रकरणं, मागे एक परिशिष्ट. वाचायचं घरी इंग्रजीतून, भांडायचं रविवारी मराठीतून.

पहिल्या रविवारी नुसतंच भांडण झालं. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ डायरी उघडतो, ४ एप्रिल १९८४ ही तारीख घालतो, आणि आज खरंच ८४ साल आहे की नाही याचीही त्याला खात्री नसते. एवढंच पुस्तकाबद्दल बोलून झालं. उरलेला वेळ ‘हे तुमचंच चाललंय’ आणि ‘तुमच्या वेळी काय दिवे लावले होते’ यात गेला. ज्याला जो पक्ष नावडता, त्याला त्याच पक्षात मोठा भाऊ, म्हणजे कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा, दिसत होता. मग आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकेने, त्यांना सगळेच बाई म्हणतात, नियम घातला: आजचं उदाहरण द्यायचं तर आधी भाग-प्रकरण सांगायचं, तो परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग काय ते बोलायचं. ऐकायला शाळकरी वाटतं. पण निम्मी उदाहरणं वाचता वाचताच गळून पडायची, कारण आपल्याला आठवतं तसं पुस्तकात लिहिलेलंच नसायचं. आम्ही हे पुस्तक तडीस नेलं ते या नियमाच्या जोरावर, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी मजा आली पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात. विन्स्टनची नोकरी सत्य मंत्रालयाच्या अभिलेख विभागात. नळीतून चिठ्ठी येते: अमुक तारखेच्या ‘टाइम्स’मध्ये भाषण चुकीचं छापलंय, दुरुस्त करा. म्हणजे मोठ्या भावाचं भाकीत खोटं ठरलेलं असतं, ते मागे जाऊन खरं करायचं. दुरुस्त अंक नव्याने छापून फाइलला लागतो, जुना नष्ट होतो, आणि चिठ्ठी भिंतीतल्या भोकात टाकली की थेट भट्टीत जाते. आम्ही सगळे ‘बापरे, किती भयंकर’ या सुरात बोलत होतो. भाऊसाहेब मात्र अस्वस्थ. ते महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, त्याआधी बरीच वर्षं तलाठी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “याचा फेरफार नंबर कुठाय?”

मग त्यांनी कागद घेऊन आम्हाला सातबारा काढून दाखवला. जमीन विकली तरी जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. खाली नवीन नाव येतं, शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. तो क्रमांक धरून फेरफार नोंदवहीत गेलं की कळतं, बदल कशाच्या आधारे झाला, नोटीस कोणाला गेली, हरकत आली का, नोंद प्रमाणित कोणी केली. वीस वर्षांनी वाद निघाला तरी माणूस एकेक फेरफार मागे जात मूळ मालकापर्यंत पोहोचतो. “लबाडी होते, मी पाहिलीय,” भाऊसाहेब म्हणाले, “पण आमच्याकडे लबाडीलासुद्धा फेरफार लागतो. या बाबाच्या खात्यात कंसच नाही!”

त्या प्रकरणावर मी बऱ्याच जणांचं बोलणं ऐकलं आहे. इतकं नेमकं कोणी बोललेलं आठवत नाही.

त्याच प्रकरणात कॉम्रेड ओगिल्वी येतो. ज्याचं नाव घ्यायचं नाही अशा एका माणसाच्या जागी विन्स्टन हा वीर नुसता कल्पनेतून उभा करतो: लहानपणापासून पक्षनिष्ठ, तेविसाव्या वर्षी समुद्रात उडी घेऊन हुतात्मा. त्याला पदक द्यावं का, यावर विन्स्टन विचार करतो आणि नको म्हणतो, कारण पदक दिलं की बाकीच्या सगळ्या नोंदी जुळवत बसावं लागेल. यावर भाऊसाहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “हा पक्का कारकून! असल्या कामातसुद्धा काम वाचवतोय.” मला वाटतं विन्स्टन आम्हाला माणूस म्हणून पहिल्यांदा दिसला तो इथे.

चॉकलेटच्या रेशनवरही आम्ही रेंगाळलो. आठवड्याचं ३० ग्रॅमचं २० ग्रॅम होणार, अशी घोषणा दुसऱ्या प्रकरणात आहे. पाचव्यात कळतं की रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मोठ्या भावाचे आभार मानायला मोर्चे काढले. मध्ये एकच दिवस गेलेला. इंजिनिअरिंगला असलेला आमचा सर्वांत तरुण सभासद म्हणाला, हे अती आहे, इतकं कोणी विसरत नाही. बाईंनी विचारलं, मागच्या वर्षीच्या आजच्या तारखेला गॅस सिलिंडर कितीला होता? कोणालाच सांगता आलं नाही. भाग-प्रकरण न सांगता दिलेलं उदाहरण म्हणून तक्रार आली, ती बाईंनी फेटाळली.

आणीबाणी निघणार हे ठरलेलंच होतं. ऑर्वेलचा जन्म २५ जून १९०३चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात. आणीबाणी पुकारली गेली तीही २५ जूनलाच, १९७५ मध्ये. या योगायोगात अर्थ शोधण्यात राम नाही, पण त्यानिमित्ताने एक ताई बोलल्या. त्यांचे वडील मिसा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. पत्रं यायची ती आधी दुसऱ्याने वाचलेली, त्यामुळे घरचं कोणी त्यांत काही लिहीतच नसे. पाऊस कसा आहे, आजीचा गुडघा कसा आहे, एवढंच. माणसावर सतत नजर ठेवणाऱ्या ‘टेलिस्क्रीन’बद्दल वाचताना मला ती पत्रं आठवली, असं त्या म्हणाल्या. पण दोन्ही एकच, हे त्यांना मान्य नव्हतं. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, यशवंतराव चव्हाण समोर असताना, अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करवली. पुढे त्यांना अटक झाली, पण त्या बोलल्या आणि हजारोंनी ऐकलं. ताईंचा मुद्दा हा, की ओशनियात, म्हणजे कादंबरीतल्या देशात, दुर्गाबाईंना उभं राहायला व्यासपीठच मिळालं नसतं, आणि चुकून मिळालंच असतं तर त्या संमेलनाला अध्यक्षच नव्हता अशी नोंद दुसऱ्या दिवशी झाली असती. यावर ‘कंस नाही’ असं दोघं-तिघं एकदमच म्हणाले.

ज्युलियावरून, म्हणजे विन्स्टनच्या प्रेयसीवरून, मात्र कट्टा उभा फुटला. पुरुष मंडळींना ती उथळ वाटली: हिला राजकारणाशी देणंघेणं नाही, हिचं बंड कमरेखालचं, असं विन्स्टन स्वतःच म्हणतो. बायकांनी त्याच विन्स्टनला धारेवर धरलं. ओळख व्हायच्या आधी ही बाई आपल्यावर पाळत ठेवते असं वाटून दगडाने तिचं डोकं फोडायचा विचार करतो, तो शहाणा, आणि व्यवस्थेच्या फटी शोधून काळ्या बाजारातली खरी कॉफी आणि साखर आणते, ती उथळ? मी बायकांच्या बाजूने होतो, अजूनही आहे.

दुसऱ्या भागाचं नववं प्रकरण हा घाट. पक्षाचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनच्या बंदी घातलेल्या पुस्तकातला भलामोठा उतारा तिथे आहे: तीन महासत्ता, न संपणारं युद्ध, आणि हे युद्ध जिंकण्यासाठी नसतंच, तयार झालेला माल जाळून लोकांना गरीब ठेवण्यासाठी असतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पुस्तकयोजनेने हा उतारा आणि परिशिष्ट गाळायला सांगितलं होतं, ऑर्वेल बधला नाही, तरी योजनेने पुस्तक घेतलंच. आमच्यातल्या निम्म्यांची सहानुभूती त्या योजनेला होती. दोन रविवार गळती लागली. शेवटी घरी वाचणं बंद करून तो उतारा कट्ट्यावरच पाळीपाळीने मोठ्याने वाचला. विन्स्टनही तो ज्युलियाला वाचून दाखवतो, आणि ती झोपते. आमच्याकडेही एक काका झोपले, अगदी घोरत. उठवल्यावर म्हणाले, मी पुस्तकाबरहुकूमच वागतोय.

तिसऱ्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो. छळ आहे, उंदीर आहेत, खोली क्रमांक १०१ आहे. ताईंनी तो भाग वाचणार नाही म्हणून आधीच सांगितलं आणि कोणीही आग्रह केला नाही. ऑर्वेलने ही कादंबरी स्कॉटलंडजवळच्या जुरा बेटावर क्षयाने खंगत लिहिली, शेवटची प्रत टंकलिखित करायला कोणी मिळेना म्हणून १९४८च्या अखेरीस अंथरुणात बसून स्वतः टाइप केली. जून १९४९ मध्ये ती आली आणि पुढच्या जानेवारीत तो गेला. त्या आजारपणाचा काळोख या प्रकरणांत उतरलाय का, यावर थोडं बोलणं झालं. मला ते ओढूनताणून वाटलं. माणसाला मोडायचं कसं, हे विन्स्टनचा छळ करणारा पक्षाधिकारी ओब्रायन ज्या शांतपणे समजावतो तो शांतपणा आजारी माणसाचा नाही.

सगळ्यात लांबलं ते परिशिष्ट, जे निम्मे लोक वाचणारच नव्हते. त्यात पक्षाच्या नव्या भाषेचं व्याकरण आहे, आणि ते सबंध भूतकाळात लिहिलंय, तेही साध्या जुन्या इंग्रजीत. इंजिनिअरिंगवाल्याने मुद्दा मांडला की ‘असं होतं’ म्हणणारा कोणीतरी नंतर उरला, अर्थात राजवट पडली. बाईंचं म्हणणं, ही निबंधाची नेहमीची शैली, यावर आशेचे इमले बांधू नका. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, खाली सही-तारीख आहे का? नाही. मग हे कोणी लिहिलं, कधी, ते ठरवायचं कशावरून? मतदान घ्यायचं निघालं, पण घेतलं नाही.

पुढचं पुस्तक झाम्यातिनचं ‘वी’. १९२०च्या सुमाराचं, रशियन जहाजबांधणी इंजिनिअरने लिहिलेलं. ऑर्वेलने १९४६ मध्ये त्याचं परीक्षण केलं होतं, म्हणजे कुळी एकच. बहुमत मिळालं ते मात्र त्याची जाडी बघून.