हेडलाइटमधलं पाणी आणि सिलिकॉनची ट्यूब

पावसाळा लागला की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये, हेडलाइटचे डॉक्टर उगवतात. कुणी म्हणतं बल्ब काढून आत हेअर ड्रायर मारा. कुणी म्हणतं बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. तांदूळ सुचवणारेही एक काका आहेत; मोबाइल एकदा पाण्यात पडून वाचला तेव्हापासून त्यांचा तांदळावर भारी विश्वास. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं ते सिलिकॉनवर. "चारी बाजूंनी सिलिकॉन मारून टाका, विषय संपला."

माझं भांडण या शेवटच्या सल्ल्याशी आहे.

गणपतीच्या आधी भाचा गाडी घेऊन आला. जुनी हॅचबॅक, पण पुढे नाना पेठेतून आणलेले प्रोजेक्टरवाले (आत गोल भिंग बसवलेले) लोकल हेडलाइट आणि आत पांढरेशुभ्र एलईडी. दिसायला झकास. फक्त उजव्या दिव्यात आतून इतके थेंब साचलेले की प्रोजेक्टरचं भिंगच दिसेना, आणि तळाशी पाण्याचं डबकं, गाडी हलवली की तेही हलायचं. मुळशीहून रात्री येताना समोरचे सगळे त्याला डिपर मारत होते. साहजिक आहे. प्रोजेक्टरचा उजेड वरच्या कडेला जिथे तुटायला हवा तिथे तुटत नाही, थेंबांवर आपटून सगळीकडे फाकतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दुकानदाराने हात वर केले होते: "पावसात सगळेच पाणी धरतात, साहेब. लाइटला गॅरंटी नसते."

यातलं अर्धं खरं आहे. हेडलाइट हा बंद डबा नसतोच. दिवा लागला की आतली हवा तापते. 25 अंशांवरून 60 अंशांवर गेली तर साधारण 12 टक्के फुगते. ती कुठूनतरी बाहेर पडलीच पाहिजे, आणि दिवा गार झाला की तेवढीच परत आत येणार. म्हणून मागे ब्रीदर दिलेले असतात, बहुधा तोंड खाली केलेली रबरी नळी. काही दिव्यांत नळीऐवजी एक पातळ पडदा असतो, ज्यातून वाफ जाते पण थेंब जात नाही. आता ऑगस्टातली पुण्याची हवा आत शिरली आणि पहाटे काच गार पडली, तर आतून धुकं धरणारच. (काच म्हणायची सवय, असतं ते पॉलिकार्बोनेट.) कंपनीच्या दिव्यातही धरतं आणि दिवा थोडा वेळ चालला की जातं.

पण या धुक्याला मर्यादा आहे. 25 अंशांची, पूर्ण ओली हवा घेतली तरी एका घनमीटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम पाणी मावतं. हेडलाइटमध्ये हवा किती, पाच लिटर धरू. म्हणजे एका दमात आत आलेलं पाणी जेमतेम 0.1 ग्रॅम, दोनेक थेंब. प्लास्टिक स्वतः थोडी ओल धरतं, तीही मिळवा. तरी डबकं होत नाही. डबकं झालंय म्हणजे पाणी पाणी म्हणूनच आत आलंय, भोकातून. ड्रायर मारणाऱ्यांचं इथेच चुकतं. दिवा सुकतो, भोक तसंच राहतं.

माझी उमेदीची वर्षं भोसरीत टूलरूममध्ये गेली, त्यामुळे गळती म्हटलं की हात शिवशिवतात. बंपर सैल करून दिवा बाहेर काढला. भाचा ट्यूब घेऊन तयारच होता.

"मामा, मारू का सिलिकॉन?"

"कुठे मारणार?"

"सगळीकडे!"

"आणि हवा कुठून जाणार रे?"

त्याला ब्रीदर दाखवायला दिवा उलटा केला, तर वरच्या ब्रीदरवर फिटिंगवाल्याने काळी टेप गुंडाळलेली. का, तर पाणी जाऊ नये! मग काय होतं बघा. रात्री तापलेला दिवा घेऊन आपण साचलेल्या पाण्यातून जातो, किंवा वॉशिंग सेंटरवाला गरम दिव्यावर गार पाण्याचा जेट मारतो. आतली हवा एकदम आकसते. नाक बंद, म्हणून दिवा जिथे कच्चा असेल तिथून श्वास ओढतो, आणि तिथे नेमकं पाणी साचलेलं असतं. ते आत खेचलं जातं.

कच्ची जागा शोधायला साधा उपाय केला. पाणी काढून दिवा रात्रभर टेबल फॅनसमोर ठेवला, ऑगस्टात ऊन कुठलं मिळायला. आतला चकचकीत रिफ्लेक्टर फडक्याने पुसायला जायचं नाही. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की ओरखडे पडून दिवा कायमचा मंद होतो. सकाळी मागची मोठी भोकं आणि एक ब्रीदर टेपने बंद केला, दुसऱ्याला एक्वेरियमची नळी लावली आणि काचेच्या शिवणीवर भांड्यांच्या साबणाचा फेस ब्रशने लावला. मग नळीतून तोंडाने फुंकर. पंप नाही लावायचा, त्याच्या दाबाने चांगली शिवणही उकलेल. वरची कड शांत, बाजूची शांत. खालच्या आतल्या कोपऱ्यात, इंडिकेटरच्या शेजारी, फेसातून बारीक बुडबुडे एकामागून एक यायला लागले. भाच्याने तिथे मार्करने खूण केली.

कोपऱ्यात शिवणीतलं काळं ब्यूटाइल (तापवलं की मऊ होणारं चिकट रबर) आखूड पडलेलं होतं, दोन टोकं एकमेकांवर यायला हवीत तिथे फट. हीटगन सतत फिरती ठेवत तेवढाच भाग मऊ केला, काच जरा उचलून ब्यूटाइलची पट्टी भरली आणि क्लॅम्प लावून गार होऊ दिलं. आमचं नशीब की आत ब्यूटाइल होतं. काही लोकल दिव्यांत कडक होणारा गोंद भरतात. तो तापवून सुटत नाही, जोर केला की प्लास्टिकच तडकतं. तिथे मी दिवा उघडायच्या फंदात पडणार नाही. फट बाहेरून बुजवायची, आणि तिथे सिलिकॉन चालेल, पण व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको. त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिडची वाफ निघते आणि रिफ्लेक्टर डागाळतो. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं मागा. पाणी निघून जावं म्हणून तळाला ड्रिल मारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. तिथून धूळ येते, आणि पुढच्या पावसात पाणीही.

आमच्या डोक्यावर, वेताळ टेकडीला, गाड्यांच्या चाचण्या घेणारी, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय आहे, आणि तिच्या सावलीत आम्ही साबणाच्या फेसाने दिवा तपासतोय, याचं भाच्याला भारी हसू आलं. हसू दे. दुसऱ्यांदा फुंकर मारली तेव्हा कोपऱ्यात एक बुडबुडा आला नाही.

ब्रीदरची टेप काढली आणि दोन्हींना कोपरासारख्या वळलेल्या रबरी नळ्या लावल्या, तोंडं खाली. भाचा ताम्हिणीतून भर पावसात जाऊन आला, डबकं नाही. पहाटे धुकं मात्र धरतं, आणि ते जायला वेळ लागतो. त्याला कारण एलईडी. 60/55 वॉटचा हॅलोजन बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, ती पुढे काचेवर पडते आणि काच आपोआप सुकते. एलईडीची उष्णता मागे, फॅनकडे जाते. काच गारच राहते. मी त्याला हॅलोजनवर परत ये म्हटलं. ऐकणार नाही, माहीत आहे.

एक काम बाकी आहे. एलईडीचा फॅन मागे बाहेर येतो, म्हणून मूळचं झाकण बसत नाही आणि डाव्या दिव्याला सध्या नुसतीच वायर बाहेर काढून रबर कापून घातलंय. वॉशिंगचं पाणी तिथून सरळ आत. खोल, उंच झाकणं मिळतात नाना पेठेत. भाच्याला बजावलंय, व्यास तोंडी सांगू नकोस, जुनं झाकण आणि फॅनसकट बल्ब दोन्ही पिशवीत घालून घेऊन जा, आणि दुकानातच बसवून बघ.