खोकत होती आजी, आजारी होतं बाळ

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. अंधार पडता पडता एका घरून निरोप आला, "आशाताई, बुढीच्या खोकल्यानं कोणाचा डोळा लागून नाही राह्यला, जरा पाहून जा." राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी अकरा वर्षांपासून आशा म्हणून काम करते. अशा निरोपाला उद्या म्हणायची सोय नसते.

घरात चुलीत पऱ्हाट्या जळत होत्या, धूर आढ्याला लागला होता. आजी भिंतीला टेकून बसलेली. मी विचारायच्या आधीच तिनं सगळं सांगितलं: दोन आठवड्यांपासून खोकला, रात्री जास्त, बेडका पडतो, विहिरीवरून येताना दम लागतो, उजव्या कुशीत दुखते. मोठ्या माणसाचं असं असतं. निम्मा आजार तोच सांगून टाकतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबीसाठी थुंकीची तपासणी, म्हणून मी डबी दिली आणि उठता उठता सुनेला विचारलं, "लेकरू कसं हाय?"

"बरं हाय ताई. थोडी सर्दी हाय. आज दिवसभर नुसतं झोपूनच हाय, दूधही मागितलं नाही."

चार महिन्यांचं लेकरू दिवसभर झोपतं आणि दूध मागत नाही, हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. झोळीतून त्याला मांडीवर घेतलं. खोकला अजिबात नाही. अंग थोडं कोमट. झबलं वर केलं आणि टॉर्च धरला. श्वास आत घेताना पोट वर येत होतं आणि बरगड्यांच्या खालची कड आत ओढली जात होती, एवढी की तिथं बोटभर खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले: ६४. पुन्हा मोजले: ६२. आईला पाजायला सांगितलं. त्यानं दोन घोट घेतले, सोडलं, धाप टाकली, परत तोंड लावलं, परत सोडलं.

आजीला विहिरीच्या चढावर दम लागतो, तसा या लेकराला दूध ओढताना लागत होता. तान्ह्या बाळाची मेहनत म्हणजे दूध पिणं. तिथंच त्याचा दम कळतो.

१०८ला फोन केला. गाडी येईपर्यंत आजी म्हणत होती, "खोकला तं मले हाय न बाई, त्याले काहून नेता?"

न्यूमोनियात, म्हणजे फुप्फुसाच्या आजारात, हाच घोळ घरोघरी होतो. आपण खोकल्याच्या आवाजावरून आजार मोजतो. पण लहान लेकरांच्या श्वासनळ्या बारीक असतात, थोडी सूज आली तरी वाट अडते. बरगड्या मऊ असतात, म्हणून जोर लावला की छातीच आत ओढली जाते. कफ त्याला थुंकता येत नाही, तो गिळतं, मग कधी उलटीत पडतो. आणि ते फार लवकर थकतं. थकलं की रडत नाही, घरच्यांना वाटते शांत झोपलं.

श्वासाचे आकडेही वयाप्रमाणे वेगळे. मोठा माणूस बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. लेकराचे मुळातच जास्त असतात. म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, आणि वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर दवाखाना. मोजायचं ते लेकरू शांत असताना, रडताना नाही. आणि मिनिट पूर्ण मोजायचं. नवजात बाळ मध्येच थांबून श्वास घेतं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर फसगत होते. छाती आत ओढली जात असेल, पिणं सुटलं असेल, झटके आले असतील, उठवूनही उठत नसेल, तर मोजत बसायचंच नाही, निघायचं.

मला हे माझ्या मोठ्या मुलानं शिकवलं. तेव्हा मी आशा नव्हते. आठ महिन्यांचा होता, ताप होता. एकानं इंजेक्शन दिलं, रात्री ताप उतरला, आम्ही सारे निर्धास्त झोपलो. पोट तर उडतच होतं. माझ्या डोळ्यांसमोर उडत होतं आणि ते पाहायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी ओठ निळसर. जिल्ह्याच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. आता तो कॉलेजात आहे, पण ती रात्र मी विसरत नाही.

प्रशिक्षणात गडचिरोलीची गोष्ट ऐकली तेव्हा म्हणूनच डोळे भरून आले होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी श्वास मोजायचं एक साधन केलं. मिनिटाची वाळू आणि तारेत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. ज्या बाईला साठपर्यंत मोजता येत नाही, तिलाही आजारी लेकरू ओळखता येतं.

आणि म्हातारी माणसं? त्यांचंही सगळंच तोंडानं कळेल असं धरू नका. वयस्कर माणसाला न्यूमोनियात कधी तापच येत नाही, नुसतं बरळतात, जेवण सोडतात, पडून राहतात. श्वास ३०च्या वर गेला तर तेही गंभीर.

बाळाला ऑक्सिजन लागला. सहाव्या दिवशी घरी आलं. मी आईला मोबाइलचं घड्याळ लावून मोजायला शिकवलं, आणि लेकराची झोळी चुलीच्या खोलीतून पडवीत बांधून घेतली.

परवा रात्री तिचा फोन आला. जावेच्या दीड वर्षाच्या पोरीला सर्दी. "ताई, अडतीस भरले. झोपेत मोजले, झबलं वर करून. खळगा नाही पडत." मी म्हटलं, दूध पाज, तासाभरानं परत मोज. तासाभरानं मेसेज आला: ३६, वाटीभर प्याली.