उद्यमच्या फॉर्ममधला तो एक रकाना

मी सोलापुरात जीएसटी, इन्कम टॅक्सची कामं करतो. २०२३ च्या पावसाळ्यात एक मावशी आल्या, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा, अठरा वर्षं झालेली आणि सगळा हिशोब शाळेच्या वह्यांमध्ये. कलबुर्गीचा एक दुकानदार दर महिन्याला माल घ्यायला तयार होता पण त्याला पक्कं बिल पाहिजे होतं.

मावशी म्हणाल्या, चाळीस लाखाच्या आत जीएसटी नाही म्हणतात की ओ, मग मला कशाला? इथंच लोक फसतात. ती सूट राज्यातल्या राज्यात माल विकला तरच. चटणीवर टॅक्स आहे, ती कर्नाटकात गेली की पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर घ्यावा लागतो, आणि एक टक्क्याची कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यासाठीची सोपी कर योजना, पण मिळत नाही कारण त्यात राज्याबाहेर विक्री चालत नाही. म्हणजे अडीचशे किलोमीटरवर पुण्याला पाठवलं तर काही नाही, पण त्याच्या निम्म्या अंतरावर कलबुर्गीला पाठवलं की नंबर घ्या, रिटर्न भरा. छोट्या माणसाला हे समजावताना मलाच वाईट वाटतं.

मग कागदं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, लाईट बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. ज्या घरात ही बाई अठरा वर्षं चुलीपुढं बसली त्या घराच्या एकाही कागदावर तिचं नाव नाही. जीएसटी नंबरचा अर्ज टाकला की ऑफिसची क्वेरी येणार, कामाच्या सात दिवसांत उत्तर नाही दिलं तर अर्ज रद्द, हे माहीत असल्यामुळं मी आधी पॅन दुरुस्त करून घेतलं, मग दिराचं संमतीपत्र, वारस दाखला, घरपट्टीची पावती, दारावर पाटी लावून फोटो, सगळं एकदमच अपलोड केलं. एकही क्वेरी न येता नंबर आला. याचा मला अजून अभिमान आहे, कारण बरेच जण नुसतं लाईट बिल टाकून मोकळे होतात आणि क्लायंटला हेलपाटे मारायला लावतात.

त्याच दिवशी उद्यमचा, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीचा, फॉर्म भरायला घेतला. तो फुकट आहे, आधारवर होतो, एजंट लोक त्याचे हजार रुपये घेतात ते चूक आहे. त्यात कामगार किती ते पुरुष, महिला, इतर असं विचारतात. मी विचारायच्या आत मावशींनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं, मागं अकरा बायकांची नावं, पुढं आधार नंबर. घरी पीठ नेऊन भाकऱ्या थापून आणणाऱ्या, नगावर पैसे. "ह्यांची नावं पण लागतील ना?"

आमच्या लाईनमध्ये तेव्हा सवय अशी की आकडा दहाच्या खाली ठेवायचा. दहा झाले की गुमास्त्याला, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्यात, नुसती सूचना देऊन भागत नव्हतं, नोंदणी लागायची, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, प्रश्न यायचा. मी म्हणालो, मावशी त्या घरी काम करतात, त्या तुमच्या कामगार धरत नाहीत, आणि २ टाकलं, त्या आणि त्यांची सून. मावशींनी ओटीपी सांगितला. पान मात्र टेबलावरच राहिलं.

महिन्याभराने त्या अकरातल्या एक आजी आल्या, जुन्या पीएफचे पैसे काढायचे होते. आधी विड्या वळायच्या. विडी पण घरीच वळली जाते, पानं आणि तंबाखू घरी आणून, नगावर मजुरी, तरी १९६६ चा विडी कायदा घरी वळणाऱ्या बाईला कामगार मानायचा आणि आजींचा पीएफ कटत होता. पासबुक जपून ठेवलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी क्लेम भरून दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि भाकरीचं कुठं जमा होतं ओ साहेब?"

मी ई-श्रमबद्दल, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीबद्दल, सांगायला लागलो, मग आठवलं की पीएफ असलेल्याला ते चालत नाही, आणि गप्प बसलो.

कलबुर्गीला माल व्यवस्थित जातोय, मावशींना बँकेचं कर्ज पण झालं. उद्यममध्ये कधीही दुरुस्ती करता येते, पाच मिनिटांचं काम आहे. ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि आकडा अजून २ च आहे.