ड्रिलमधून लाल भुकटी आली तेव्हा

बेळगावात उद्यमबागच्या बाजूला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे, शेड हेच काम. पण एप्रिलमध्ये जांबोटी रोडला एका घराची रेलिंग ठरवायला गेलो होतो तो दिवस सगळ्यांना सांगावासा वाटतो, कारण रेलिंग निवडताना लोक काय बघतात आणि काय बघायचं राहून जातं ते त्या एका दिवसात सगळं समोर आलं.

घर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेल्या सुभेदारांचं. मागच्या बाजूला उतार, खाली काजूची झाडं, आणि त्या उतारावर बाहेर काढलेली बावीस फूट लांबीची मोठी उघडी गच्ची. मुलगा अमेरिकेत असतो, तो तिला डेक म्हणतो म्हणून घरात सगळे डेकच म्हणायला लागलेत. खालची जमीन एका कोपऱ्यात बारा फूट खोल. टाईल्स बसवून झाल्या होत्या, वास्तुशांत मेमध्ये धरली होती आणि मिरगाच्या आधी सगळं उरकायचं होतं, कारण आमच्या खानापूर भागात पाऊस एकदा लागला की बाहेरचं वेल्डिंग, रंग काही होत नाही.

मी सॅम्पल घेऊन गेलो होतो. मुलगा व्हिडिओ कॉलवर, त्याच्याकडं रात्र झालेली तरी उत्साहानं बसलेला. त्याला पाहिजे होती वायरची रेलिंग, म्हणजे उभ्या पोस्ट आणि मधून स्टीलच्या बारीक आडव्या वायर, त्यातून दरी मोकळी दिसते, फोटोत फारच छान दिसतं ते. सुनबाईंना काच पाहिजे होती. काकूंना एसएसच, म्हणजे स्टेनलेस स्टीलच पाहिजे, कारण पुसलं की चकचकीत. आणि आज्जी दारात खुर्चीवर बसून एवढंच म्हणाल्या, "मेस्त्री, मला धरायला बरं पाहिजे बघा, पावसात हात घसरतोय." मला विचाराल तर त्या सगळ्या चर्चेत कामाची पहिली मागणी आज्जींची होती. रुंद चपटी पट्टी वर टाकली की दिसते झकास पण म्हाताऱ्या माणसाच्या मुठीत ती येत नाही, दीड इंची गोल पाइप मुठीत बसतो.

वायरबद्दल मी मुलाला समजावलं की बाबा, वायर सैल राहिली तर बोटानं बाजूला होते आणि लहान पोराचं डोकं आत जातं, म्हणून एकेक वायर शंभर किलोच्या आसपास ओढून ताणावी लागते, अशा दहाबारा वायर म्हणजे शेवटच्या कोपऱ्याच्या पोस्टवर टनभर ओढ कायमची. त्यात आडव्या वायर म्हणजे पोरांना चढायला शिडीच, आणि घरात चार वर्षांची नात सुट्टीला येणार. तो म्हणाला, "काका, इथं नियम आहे, डेक जमिनीपासून 30 इंचापेक्षा वर असला तर रेलिंग पाहिजेच, 36 इंच उंच, आणि 4 इंचाचा गोळा कुठल्याच फटीतून पार जाता कामा नये." मला हे फार आवडलं. गोळ्याचा हिशोब म्हणजे लहान बाळाचं अंग आणि डोकं. आपल्याकडं ग्रिलवाले पाच-सहा इंचाची फट सर्रास ठेवतात, पाइप वाचतो म्हणून. मी साडेतीन इंच ठेवतो आणि उंची साडेतीन फूट, कारण मोठा माणूस कमरेतून वाकला तरी तोल आत राहायला पाहिजे.

काचेचा विषय लवकर संपला. 12 मिलीमीटरची काच चौरस मीटरला 30 किलो भरते, आणि नुसती टफन्ड घेतली तर फुटल्यावर सगळी बारीक दाणे होऊन खाली पडते, जागेवर मोकळं भोक राहतं, म्हणून कठड्याला मधे फिल्म असलेली लॅमिनेटेडच घ्यावी लागते आणि ती महाग पडते. काकूंच्या एसएसला माझा विरोध नव्हता, फक्त 304 ग्रेडचं घ्या म्हटलं. बाजारात 202 ग्रेडचा पाइप तेवढाच चमकतो, चुंबक दोघांना नीट लागत नाही, पण 202 मध्ये निकेल कमी असतं आणि आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्यावर लाल ठिपके येतात. मी बॅटरीचा सेल आणि टेस्टिंगच्या केमिकलची बाटली खिशात ठेवतो, दुकानातच पाइपला एक थेंब लावून बघतो, 202 असेल तर थेंब लाल होतो.

एवढं सगळं बोलून होईपर्यंत दीड तास गेला, चहा दोनदा झाला, आणि अजून कुणीही विचारलं नव्हतं की हे उभं कशावर राहणार. मी डिझाइन पक्कं करायच्या आधी एक भोक मारून बघतोच. कडेची एक टाईल अजून बसवायची राहिली होती, तिथं माझ्या हाताखालच्या पोराला हॅमर ड्रिल लावायला सांगितलं. आमचा पोरगा गोकाककडचा. काँक्रीट असलं की ड्रिल अडखळतं, आवाज कडक येतो, भुकटी करडी निघते. इथं ड्रिल लोण्यासारखं आत गेलं आणि वर आली लाल भुकटी. पोरगा वर बघून म्हणाला, "अण्णा, इट्टंगी ऐत्री इल्ली," म्हणजे इथं वीट आहे. अजून दोन ठिकाणी टाईलच्या सांध्यातून बारीक बिट घातलं, दोन्हीकडं लालच.

झालं असं होतं की पाणी जिरू नये म्हणून स्लॅबवर वीटतुकड्यांचा कोबा केला होता, आणि तो कडेनं अडवायला स्लॅबच्या काठावर विटेचा एक थर फिरवलेला. वरून टाईल लावली की ती कड दगडासारखी दिसते. ठेकेदारानं ड्रॉइंगवर रेलिंगच्या बेस प्लेट, म्हणजे पोस्टच्या तळाच्या बोल्ट मारायच्या पट्ट्या, बरोबर त्याच थरावर दाखवलेल्या. चार इंचाचा फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, मारला असता तर तो सगळाच्या सगळा विटेत राहिला असता, आणि विटेत फास्टनर फुगवला की वीट चिरते.

सुभेदारांना मी तिथंच कागदावर हिशोब मांडून दाखवला. इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या आपल्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात गच्चीच्या कठड्याला धावत्या मीटरला साधारण 75 किलो आडवा दाब धरायला सांगितलाय. मीटरवर एक पोस्ट धरली तर तो दाब 42 इंच उंचीवर लागतो आणि खाली बेस प्लेटच्या बोल्टात अंतर 3 इंच. म्हणजे चौदापट. हजार किलोच्या वर ओढ आतल्या बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून येते. चार पाहुणे कठड्याला टेकून फोटो काढतात तेव्हा हेच होतं. सुभेदारांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे वास्तुशांतीला माणसं जमली असती, आणि..." पुढं बोलले नाहीत. मोबाईलवर मुलगाही गप्प झाला होता.

मग मी खाली उतरून स्लॅबची बाजू बघितली. नशीब चांगलं, कडेनं नऊ इंची बीम फिरवलेला होता, खालून त्याचा चेहरा मोकळा, आणि तिथं मारल्यावर करडी भुकटी आली. म्हणजे पोस्ट वरून न बसवता बाहेरून बीमच्या तोंडावर बसवायची. प्लेट उभी, वरच्या आणि खालच्या बोल्टात 8 इंच अंतर, त्यामुळं पोस्ट लांब झाली तरी ओढ सव्वापाचशेच्या आसपास येते, म्हणजे निम्मीच. शिवाय भोकात चिकटवणारं केमिकल भरून त्यात 12 मिलीमीटरचे अँकर बोल्ट. आणि दुसरा मोठा फायदा, वरच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक नाही. मुलानं रात्रीच बाहेर जाऊन स्वतःच्या घराचा लाकडी डेक कॅमेऱ्यात दाखवला, तिथंही पोस्ट कडेच्या आडव्या लाकडाला बाजूनंच आरपार बोल्ट केलेल्या. तो स्वतःच म्हणाला, "वायर नको काका, उभ्या सळ्याच करा."

त्यानंतर निवड दहा मिनिटांत झाली. उभ्या सळ्या, वर दीड इंची गोल पाइप, सगळं एमएस, म्हणजे साधं लोखंड, पण शेडमध्ये पूर्ण जोडून मग जस्ताच्या आंघोळीत बुडवून आणायचं. पोकळ पाइपला दोन्हीकडं भोकं ठेवायची, नाहीतर आतली हवा आणि ओल तापून जस्तात पाइप फुटू शकतो. साइटवर वेल्डिंग अजिबात नाही, फक्त बोल्ट, कारण वेल्ड केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. काकूंना चकचकीत नाही मिळालं याचं थोडं वाईट वाटलं, पण त्यांनीच शेवटी रंग निवडला, पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा तांबूस. मिरगाच्या आधी बसवून दिलं. बसवल्यावर मी आणि पोरगा दोघांनी मिळून प्रत्येक पोस्टला खांदा लावून रेटा दिला, सुभेदार टेप धरून शेजारी उभे, कुठली पोस्ट किती हलते ते स्वतः लिहून घेत होते.

पण त्या एप्रिलच्या दिवसाची गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. निघताना सुभेदार म्हणाले की त्याच ठेकेदारानं पलीकडच्या गल्लीत एक घर आदल्या वर्षी पूर्ण केलंय, तिथं रेलिंग लागून वापरात आहे. जेवण तसंच ठेवून आम्ही तिकडं गेलो. वरून बसवलेली सुंदर एसएसची रेलिंग, मी एका हातानं वरचा पाइप दाबला तर बेस प्लेटच्या खालचा टाईलचा सांधा उघडझाप करायला लागला. त्या घरच्या वहिनींना बोलावून दाखवलं. त्यांनी लगेच कडेची कुंड्यांची स्टँड आत ओढली, सुभेदारांनी घरून जाड दोर आणला आणि आम्ही कठड्यापासून तीन फूट आत तो बांधून घेतला, पोरांना पलीकडं जायचं नाही म्हणून सांगितलं. बीमचा चेहरा तिथंही मोकळाच आहे. त्याच दुपारी माप घेऊन आलो आणि सुभेदारांच्या कामाच्या आधी त्या घराच्या उभ्या प्लेट कापायला घेतल्या.