पौर्णिमेला तंबू नको

किनाऱ्यावर तंबू टाकायचा बेत ठरला की बहुतेक मंडळी आधी जागा बघतात, मग शनिवार-रविवार, आणि जमलंच तर चांदण्यासाठी पौर्णिमा. गोव्यात हा क्रम उलटा हवा. आधी पंचांग, मग बाकीचं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती असते. त्या दिवसांत आपल्याकडे पूर्ण भरती साधारण अकरा ते बाराच्या दरम्यान येते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला तुम्ही पोचता तेव्हा ओहोटी असते. किनारा मैदानासारखा पसरलेला दिसतो, कोरडी, सपाट वाळू बघून तंबू लागतो आणि जेवून आडवं झाल्यावर पाणी तिथंच येतं. शिवाय उधाणाचा जोर तिथीबरोबर संपत नाही, प्रतिपदा-द्वितीयेला तो थोडा जास्तच असतो. उतार मंद असेल, समजा ४० मीटरला १ मीटर, तर पाण्याची पातळी फक्त २५ सेंटिमीटर वाढली तरी लाट १० मीटर आत येते.

चांदणंही हवं आणि पाणीही लांब हवं, तर शुद्ध अष्टमी ते दशमी धरा. तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती असते, पाणी फार चढत नाही. अर्धा चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो, मग तारे बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशेब अंदाजाला ठीक आहे. जायच्या आधी मात्र मुरगाव बंदराचं भरतीचं टेबल बघाच. मुंबईचं टेबल इथं चालत नाही, कारण गोव्यात भरती त्याच्या तासभर आधी येते. टेबलात दिवसाच्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, तेव्हा रात्रीचा आकडा वेगळा वाचा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर दोन्ही रात्री तपासा.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात उकाडा आणि वळवाची वीज, जूनपासून तर दर्याकडे जायचंच नाही.

आता जागा. सरकारी कॅम्पिंगचं मैदान, जिथं पावती फाडून तंबू ठोकावा, असं आपल्या किनाऱ्यावर गृहीत धरू नका. भरतीरेषेपासूनच्या पट्ट्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-वापराचे नियम लागतात, आणि वाळूच्या टेकड्या तुडवणं नियमांखेरीजही वाईटच. खरा पर्याय म्हणजे किनाऱ्यामागचं भाट, म्हणजे माडांची बाग. भाटकाराला, म्हणजे बागेच्या मालकाला, किंवा शेजारच्या गेस्टहाऊसवाल्याला आधी फोन करून विचारा आणि पाच गोष्टी पक्क्या करा: संडास-न्हाणी, गोडं पाणी, गाडी कुठं लावायची, रात्री दिवे किती वाजता बंद होतात, आणि तंबू नेमका कुठल्या झाडांमध्ये. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. माडाखाली तंबू म्हणजे डोक्यावर नारळ आणि चुडतं. नारळ कधी पाडले ते विचारा आणि झावळ्यांच्या घेराबाहेरचीच जागा मागा. माडाला दोरी बांधण्याआधी बुंध्यावर तांबड्या मुंग्यांची रांग आहे का, तेही बघा.

किनाऱ्याच्या बाजूची हद्द ओळखायला सोपी: मर्यादवेल, म्हणजे वाळूवर पसरणारी वेल, जिथून सुरू होते तिथून जमिनीकडे राहायचं, वेलीवर नाही. ओल्या कचऱ्याची, काटक्यांची नि शिंपल्यांची सर्वांत वरची ओळ दिसते, ती अलीकडच्या मोठ्या भरतीची खूण असते.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपलाच हंगाम. तिथं रात्री वाळूवर उजेड नको, गाणी नकोत. पांढऱ्या उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं पाण्याऐवजी दिव्याकडे चालू लागतात. टॉर्चवर लाल कागद लावा. गोंगाटच करायचा असेल तर दुसरा गाव शोधा.

तंबू उभा करण्यात वाळू फसवते. तंबूबरोबर येणाऱ्या १८ सेंटिमीटरच्या मेखा मातीसाठी असतात, कोरड्या वाळूत त्या बोटाने उपटता येतात. त्याऐवजी आठ कापडी पिशव्या न्या, चार कोपऱ्यांना आणि चार ताणाच्या दोऱ्यांना. प्रत्येकीत पाच-सहा किलो ओली वाळू भरा, तोंड बांधा, दोरी पिशवीच्या मधोमध आवळा. ४० सेंटिमीटर खोल खड्डा काढून पिशवी ओढीला आडवी पुरा. दोरी वर येते तिथं तिरका चर ठेवा, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ओढ येऊन पिशवी वर सरकते. मग पाणी ओतून पायाने दाबा. नायलॉनची दोरी दंवाने सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा ताणायची. हे केलं नाही की पहाटे फ्लाय, म्हणजे तंबूचं बाहेरचं कापड, आतल्या कापडाला चिकटतं आणि दंव सगळं अंथरुणावर.

दुपार-संध्याकाळ वारा दर्याकडून, बहुधा वायव्येकडून येतो. उत्तररात्री उलटतो आणि जमिनीकडून वाहतो. म्हणून अरुंद बाजू वायव्येला ठेवा, दार आडव्या बाजूला, आणि ताण दोन्हीकडून सारखा द्या. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. बाहेर राहिली तर दंवाचं पाणी तीच गोळा करून तळाखाली नेते. वरच्या खिडक्या थंडी वाजली तरी उघड्या हव्यात. डिसेंबरातही रात्री साधारण वीस अंशांच्या खाली फारसं जात नाही, एक चादर आणि जाडशी सतरंजी पुरते.

स्वयंपाकाचं आधीच मिटवा. पर्यटनस्थळांच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन उघड्यावर स्वयंपाक आणि दारू पिणं यांवर बंदी आली. तेव्हा दंड एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये होता, पुढे तो वाढलाही. रेल्वेने येणाऱ्यांना गॅसचा डबा डब्यात आणताच येत नाही. तेव्हा भाटकाराच्या चुलीवर किंवा शेजारच्या खानावळीत सोय लावा. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिथंच बांगडे मिळतात, आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की उठायचं, पाव गरम असतात. प्यायचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा. खाण्याच्या पिशव्या तंबूत ठेवू नका, कुत्री कापड फाडतात. माडाला टांगा किंवा गाडीत ठेवा.

पोहायचं तर जीवरक्षक असतात तेव्हाच, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये. रात्री चांदण्यात पाय ओले करायला गेलेली माणसंच ओढीत सापडतात. ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे दोन क्रमांक सगळ्यांना पाठ हवेत.

निघताना तंबू झटकून घ्या, पण धुतल्याशिवाय कपाटात टाकू नका. खांबांच्या जोडांत अडकलेली वाळू पुढच्या वेळी सांधा चिरते, म्हणून जोड सुटे करून गोड्या पाण्यात बुडवा. चेनवर मऊ ब्रश फिरवा आणि वाळल्यावर मेणबत्ती घासा. चेन मागून उसवत असेल तर ती बाद झाली असं नाही, धावती कडी रुंदावलेली असते. पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, एका बाजूला जास्त दाबलं तर ती तिरकी चालते.